हात कोणाचा, ओळ कोणाची

संगणकाला साधा सरळ प्रश्न विचारावा आणि त्याने आपल्या आईची अख्खी टोळी पकडून द्यावी, अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये. ऋतुजा ढोमसेवर ती आली, आणि तीही भर दुपारी, डबा उघडून पहिला घास हातात घेतलेला असताना.

हे नीट समजायचं तर आधी भोरवड्याचा हॉल समजायला हवा. कादवेच्या काठच्या या गावात एके काळी जिकडे पाहावं तिकडे द्राक्षाचे मांडव होते. पुढे ऊन वाढलं, थंडी पळाली, आणि तिच्या मागोमाग द्राक्षंही पार हिमाचलच्या डोंगरात जाऊन बसली. वेली गेल्या, पण हात इथेच राहिले. विरळणीचं काम म्हणजे घडात गर्दी करणारे मणी कात्रीने काढायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा होते. सांगायला एवढंच. पण कोणता मणी काढायचा आणि कोणता ठेवायचा हे डोळ्यांच्या आधी बोटांना कळावं लागतं, आणि तशी बोटं काही एका हंगामात तयार होत नाहीत. डोंगरात वेली लागल्या, तिथे तशी बोटं सापडेनात. शेवटी हिमवेल नावाच्या कंपनीने डोकं लढवलं. भोरवड्यातल्या सोसायटीच्या जुन्या गोदामात तीस खुर्च्या मांडल्या, प्रत्येक खुर्चीला एक चष्मा आणि हातमोज्यांची एक जोडी. बाईने इथे मोजे घालून बोट हलवलं की तिकडे डोंगरात लोखंडी हाताचं बोट हलायचं, आणि तिकडच्या मण्याचा गारवा, त्याचा कडकपणा इकडे बोटांना लागायचा. चाळीस अंशांच्या उन्हात मान वर करून उभं राहण्यापेक्षा हे केव्हाही बरं, असं टोळीचं एकमत होतं.

अडचण एकच होती. इथून निघालेला हुकूम उपग्रहावरून डोंगरात पोचायला अर्धा सेकंद लागायचा, आणि ढग दाटले तर मधूनच लाइन तुटायची. अर्ध्या सेकंदात कात्री भलत्याच मण्यावर पडते. म्हणून कंपनीने यंत्राला हाताचं वळण शिकवलं होतं. जसं अक्षराला वळण असतं तसंच हातालाही असतं, घडात कुठून शिरायचं, मनगट कधी फिरवायचं. यंत्र ते रोज पाहत राहायचं आणि साठवायचं. मग लाइन तुटली तरी लोखंडी हात थांबायचा नाही. त्या बाईने पुढे काय केलं असतं याचा अंदाज घेऊन आठ-दहा सेकंद तो आपलाआपण काम चालवायचा. साहजिकच कंपनीचा नियम होता, एक नाव, एक हात. एका नावाखाली दुसरीचा हात चालला तर वळणाची भेसळ होणार, आणि अशी भेसळ सापडली तर तो हॉल हंगामभर बंद. करारात तसं स्पष्ट लिहिलेलं होतं.

ऋतुजा या हॉलची संगणक सांभाळणारी. टोळीची मुकादम रंजना ढोमसे हिची ती एकुलती एक लेक. नोकरीला लागून तिला जेमतेम तीन महिने झाले होते. उद्या अकरा वाजता कंपनीचे तपासनीस येणार होते आणि त्यांनी एक यादी मागितली होती, या क्षणी कोण कोण लॉगिन आहे, आणि त्या नावाखाली हात त्याच बाईचा आहे का. खाली सही ऋतुजाची.

काम अगदी सोपं होतं. संगणकात काळ्या पडद्याची एक खिडकी असते, तिला शेल म्हणतात. तिथे ना चित्रं ना बटणं. आज्ञा टाइप करायची आणि उत्तर वाचायचं. या आज्ञा ऋतुजाच्या आजीच्या वयाच्या, पण अजून खणखणीत. ‘हू’ लिहिलं की आत्ता कोण आत आहे ते कळतं. ‘लास्ट’ लिहिलं की आधी कोण कधी येऊन गेलं ते कळतं. आणि ‘फिंगर’ म्हटलं तर एकेकीची कुंडलीच समोर येते. अशा आज्ञा एकाखाली एक लिहून ठेवल्या की झाली स्क्रिप्ट. ऋतुजाने सतरा ओळींची स्क्रिप्ट लिहिली. ‘हू’कडून नावं घ्यायची, प्रत्येक नावाच्या नोंदणीतली बोटांची मापं काढायची, मोज्यात आत्ता असलेल्या बोटांशी ती ताडून पाहायची, आणि जुळलं नाही तर तेवढं नाव छापायचं. एकही नाव छापलं जाणार नाही याची तिला इतकी खात्री होती की तिने स्क्रिप्ट सुरू केली आणि डबा उघडला.

पडद्यावर नावं पडायला लागली ती थांबेचनात. तीसपैकी अठ्ठावीस जुळत नव्हती.

घास तसाच डब्यात गेला. आपलंच काहीतरी चुकलं असणार, ‘आहे’च्या जागी ‘नाही’ लिहिलं असणार, म्हणून तिने सतराच्या सतरा ओळी बोट ठेवून वाचल्या. चूक नव्हती. पुन्हा चालवली. पुन्हा अठ्ठावीस. तेव्हा ती उठली आणि यादी घेऊन हॉलमध्ये गेली.

तीस बायका चष्मे लावून हवेत बोटं नाचवत होत्या, आणि तोंडंही चालूच होती. ऋतुजा तिसऱ्या रांगेत थांबली.

“सुरेखामावशी, तुम्ही आत्ता मनीषा म्हणून लॉगिन आहात.”

सुरेखामावशीने चष्मा कपाळावर सरकवला. “मनीषाच्या ओळीवर बसलेय ना मी. मंग?”

“पण तुम्ही मनीषा नाही.”

“एवढं तर मला बी माहितीये, बाई. पन्नास वर्षं झाली, मी सुरेखाच आहे.”

आजूबाजूला हशा पिकला. “मग मनीषामावशी कुठेयत?” ऋतुजाने विचारलं.

“मी इथं, वैशालीच्या ओळीवर,” भिंतीकडून आवाज आला. “आणि वैशाली सुरेखाच्या. काय झालं? कोणाचा फोन आला का?”

ऋतुजाने खुर्चीकडे निरखून पाहिलं. प्रत्येकीला दिलेलं लॉगिनचं कार्ड खुर्चीच्या हाताला सुतळीने पक्कं बांधलेलं होतं आणि वर नावाची चिठ्ठी चिकटवली होती. कार्डं हरवू नयेत म्हणून पहिल्याच दिवशी रंजनाने ती बांधून टाकली होती. मांडवात काम करताना ओळी अशाच ओळखल्या जायच्या, ही मनीषाची ओळ, ती वैशालीची, म्हणजे ती ओळ पूर्वी कधी तरी त्या बाईने धरलेली. आज तिच्यावर कोणीही लागावं. तेव्हा पडद्यावर ‘मनीषा’ असं आलं की ते ओळीचं नाव, हे टोळीने गृहीतच धरलं होतं. तीन हंगाम झाले, कोणाला शंकासुद्धा आली नव्हती.

“आणि कोण कुठे बसणार हे ठरवतं कोण?”

“तुझी आई. दुसरं कोण ठरवणार?”

ऋतुजाने आईला बाहेर बोलावलं. रंजना ढोमसे मोजे काढत, कुरकुरत पडवीत आली. तालुक्यात एखादीचं विरळणीचं काम वाखाणायचं असलं तर म्हणायचे, “बाईचा हात रंजनासारखा आहे.” हे रंजनालाही ठाऊक होतं, आणि ती ते विसरू द्यायची नाही.

“रोज सकाळी मी पाहते,” ती म्हणाली. “कोणाची कंबर धरलीये, कोण रात्रभर पोराच्या उशाशी जागलीये, कोण कोणाशी बोलत नाहीये. तशी बसवते. हळू हाताची बाई दोन चपळ बायांच्या मधी. आज तू माझी ओळ धर, उद्या मी तुझी धरते. सावड आहे ही, ऋतू. आम्ही काय चोरी करू राहिलो का?”

“कंपनीच्या भाषेत हीच चोरी आहे, आई.” ऋतुजाने तिला वळण, भेसळ, करार, सगळं समजावून सांगितलं. “तीस जणींत फक्त दोघी जुळतात. गुडघ्यामुळे दाराजवळून न हलणाऱ्या कमलमावशी, आणि तू.”

“मी मुकादम. मी पुढची जागा सोडली तर टोळी कोण पाहील?” रंजनाने हातातले मोजे झटकले आणि सहज म्हणाली, “मंग लिही ना, सगळं जुळतंय म्हणून. सही तुझीच आहे.”

“खोटी सही करू?”

“तीस घरांचं काम आहे, बाई. या हॉलमुळे या बायांना कोणी म्हातारी म्हणत नाही. सकाळी डबा घेऊन निघतात, पोरी निघाव्या तशा. तू एक सही केलीस म्हणून आभाळ कोसळणार आहे का?”

“आणि खोटं पकडलं गेलं तर? मग हंगामभर नाही, हॉल कायमचा जाईल.”

रंजनाचा चेहरा उतरला. “तुला एवढं शिकवलं ते याच्यासाठी?” एवढंच म्हणून ती आत गेली.

ऋतुजा आपल्या खोलीत येऊन बसली आणि तिला रडू आलं. खोटं का सांगा, आईने सांगितलेलं करायला एकच ओळ बदलावी लागणार होती. जुळो न जुळो, प्रत्येक नावापुढे ‘जुळतं’ छापायचं, संपलं. तिने ती ओळ बदललीही. पडद्यावर तीस नावं ओळीने आली, तीसही जुळणारी, आणि ती यादी बघून तिला इतकी लाज वाटली की तिने ताबडतोब ओळ होती तशी केली. पण मग उद्या काय? सुरेखामावशींनी तिला शाळेत पोचवलं होतं, वैशालीमावशींनी तिच्या वेण्या घातल्या होत्या. यांना घरी बसवणारा कागद आपण आपल्या हाताने द्यायचा?

निदान नुकसान किती झालंय ते तरी बघावं, म्हणून तिने ‘लास्ट’ला कामाला लावलं. तीन हंगामांत प्रत्येक नावाखाली प्रत्यक्षात कोणाकोणाचे हात चालले ते मोज्यांच्या मापांवरून काढलं. शेजारी लाइन तुटल्यावर त्या खुर्चीच्या लोखंडी हाताने किती घड बिघडवले ते मांडलं. भेसळ जास्त तिथे बिघाड जास्त, असं दिसायला हवं होतं.

दिसलं ते बरोबर उलटं. मनीषाच्या नावाखाली बावीस जणींचे हात चालून गेले होते आणि तिथे बिघाड जवळपास नव्हताच. जिथे दहा हात तिथे थोडा अधिक. आणि सगळ्यांच्या खाली, सगळ्यात जास्त बिघाडाची दोन नावं होती, जिथे तीन हंगाम एकच हात चालला होता. कमल आणि रंजना.

ऋतुजा बराच वेळ त्या दोन नावांकडे पाहत राहिली. हळूहळू तिच्या लक्षात आलं. एकाच हाताकडून शिकलेल्या यंत्राला घडात शिरायची एकच वाट ठाऊक होती. नेहमीसारखा घड आला तर झकास, पण वेडावाकडा आला आणि नेमकी तेव्हाच लाइन तुटली की त्याची मती गुंग व्हायची. बावीस हातांकडून शिकलेल्याला बावीस वाटा माहीत. समोरच्या घडाला जी लागू पडेल ती तो उचलायचा. नुसतं आईच्या हातचं जेवलेलं पोर परगावी उपाशी राहतं आणि पंगतीत वाढलेलं कुठेही जेवतं, त्यातलाच हा प्रकार. भेसळ कसली, ही तर सगळ्या टोळीची शिदोरी होती. ऋतुजाला इतका आनंद झाला की ती खुर्चीवरून उठून खोलीत दोन फेऱ्या मारून आली.

मग तिला धडकी भरली. हॉल वाचवायचा तर उद्या सगळ्यांसमोर सांगावं लागणार, की सगळ्यात वाईट खुर्ची रंजना ढोमसेची आहे.

संध्याकाळी घरी तिने दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला. रंजनाने ताटात भाकरी वरून टाकली आणि पाठ फिरवली. आईचा अबोला ऋतुजाला पाठ होता. तो किमान दोन दिवस चालायचा.

सकाळी अकराला तपासनीस मिहीर देवस्थळी आले. किडकिडीत अंगाचे, बोलायला अतिशय सभ्य गृहस्थ. चहाला नको म्हणाले तेव्हाच टोळीने ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

“ताई, आमची अकरा केंद्रं आहेत,” ते ऋतुजाला सगळ्यांसमोरच म्हणाले. “लाइन तुटल्यावर जे घड बिघडतात, ते तुमच्याकडे इतरांच्या एक तृतीयांश आहेत. इतकं चांगलं काम मला पटत नाही. कुठेतरी आकड्यांत गडबड आहे, असा माझा अंदाज आहे. यादी तयार आहे का?”

रंजना समोरच उभी होती. तिने लेकीकडे पाहिलं नाही. ऋतुजाने यादी पुढे केली, अठ्ठावीस नावांची, खरी. मिहीररावांनी ती दोनदा वाचली आणि खिशातून पेन काढलं.

“ही तुम्ही स्वतःहून देताय? याचा परिणाम माहितीये ना?”

“माहितीये. पण सर, याच्यासोबत दुसरा कागद आहे, तोही वाचा. तुमच्या इतर दहा केंद्रांत नियम पाळला जातो ना?”

“काटेकोर.”

“मग त्यांचे आकडे कमलमावशींच्या आणि... आणि माझ्या आईच्या आकड्यांसारखे असतील. आमच्यात त्या दोघीच नियमाने बसतात. आणि त्या दोन खुर्च्या सगळ्यात जास्त घड बिघडवतात.”

हॉलमध्ये बोटं थांबली. एरवी हवेत तरंगणारे साठ हात मांड्यांवर आले. मुकादमीणबाईला तिच्या तोंडावर असं बोललेलं आजवर कोणी ऐकलं नव्हतं, आणि बोलणारी तिची पोटची पोर. रंजनाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

मिहीररावांनी कागद वाचला, पेन खिशात ठेवलं आणि म्हणाले, “करून बघू. सगळ्यांनी कामाला लागा. मी मधेच दहा सेकंद लाइन तोडतो. तेवढ्यात तिकडे काय होतं ते नंतर चित्रात पाहू.”

तीस जणी बसल्या. रंजना पुढच्या खुर्चीवर, पाठ ताठ. आई जिंकावी की हरावी, हे ऋतुजाला ठरवता येईना. मिहीररावांनी एक बटण दाबलं, घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा बटण दाबलं.

सगळ्यांनी चष्मे कपाळावर सरकवले आणि भिंतीवर डोंगरातलं चित्र उमटलं. मनीषाच्या ओळीवरचा लोखंडी हात दोन फाटे फुटलेल्या एका दुबेळक्या घडाशी क्षणभर थबकला, मग खालून शिरला आणि तीन मणी बेतशीर काढून बाजूला झाला. वैशालीचा हात वरून शिरला. एकामागून एक ओळी सरकत गेल्या, सगळं सुरळीत. मग दाराजवळच्या कमलमावशींची ओळ आली, घडाचं टोक उडालं. शेवटी रंजनाची. तिच्याही समोर घड वाकडाच आला होता. लोखंडी हात रंजनाच्या त्या नामांकित डौलात फिरला, आणि एका कात्रीत घडाचा अख्खा खांदा खाली पडला.

रंजनाने चष्मा काढला आणि ती चित्राकडे बघत राहिली.

“पुन्हा दाखवा,” ती म्हणाली. मिहीररावांनी दाखवलं. “माझंच वळण आहे. पण मी असते तर इथं हात मागं घेतला असता.”

“तुम्ही घेतला असता, मावशी. पण तुमचा हात मुळात चुकतच नाही, तेव्हा तो मागे घेतलेला यंत्राने फारसा पाहिलाच नसेल. त्याने शिकावं कोणाकडून?”

रंजनाने चष्मा मांडीवर ठेवला. मग तिच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. आई रडतेय असं वाटून ऋतुजा पुढे धावली, तर रंजना हसत होती.

“म्हणजे माझी खुर्चीच तेवढी उपाशी राहिली म्हणायची,” ती डोळे पुसत म्हणाली. “सगळ्या खुर्च्यांना सगळ्यांच्या हातचं मिळालं, आणि हिला तीन वर्षं नुसतं माझ्या हातचं. सुरेखा, हसतीस काय? तुझ्यापायी बसले मी पुढं, तुझं लक्ष नसतं म्हणून.”

मग मात्र सगळा हॉल हसला, आणि मिहीररावांनी आपणहून चहा मागितला. चहा घेता घेता त्यांनी सांगितलं ते असं, की नियम बदलणं त्यांच्या एकट्याच्या हातात नाही, पण भोरवड्याचा हॉल बंद होणार नाही हे ते लिहून देतील. या हंगामात इथे प्रयोग म्हणून सावड चालेल. अट एकच, ऋतुजाच्या स्क्रिप्टने रोज दोन रकाने छापायचे, खुर्चीचं नाव आणि बसलेल्या बाईचं खरं नाव, आणि त्यात एकही खोटं नसावं. मनीषामावशीने लगेच विचारलं, की प्रयोग आहे तर तिला खिडकीजवळची ओळ मिळेल का.

रंजना कप ठेवून उठली. तीन हंगामांत पहिल्यांदाच तिने पुढची खुर्ची रिकामी सोडली आणि तिथे बसायला कोणी पुढे येईना. मुकादमीच्या जागेवर बसायचं म्हणजे काय.

“साहेब,” तिने विचारलं, “याला चुकणारा हात बी चालतो का?”

“चालतो. चुकून मग सावरणारा तर हवाच.”

“मंग ऋतू, बस.”

ऋतुजाला वाटलं, आई थट्टा करतेय. आजवर रंजनाने तिला कात्रीला बोट लावू दिलं नव्हतं. लहानपणी मांडवात तिने एकदा कात्री उचलली तर रंजनाने हातावर चापट मारून वही हातात दिली होती. “मला यातलं काही येत नाही, आई.”

“ते मला माहितीये. बस.”

मोजे आईच्या हातांनी अजून कोमट होते. ऋतुजाने चष्मा लावला आणि एकदम डोंगरातलं लख्ख ऊन तिच्या डोळ्यांपुढे आलं, हिरवे मणी, मागे बर्फाची कड. तिने बोट पुढे केलं. गार, गोल, घट्ट मणी बोटाला लागला आणि तिच्या अंगावर शहारा आला. हेच आईच्या बोटांना उभा जन्म लागत आलं होतं, आणि तिला आज पहिल्यांदा कळत होतं. रंजना तिच्या पाठीशी येऊन उभी राहिली आणि तिने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“कोणता काढू?”

“मला काय विचारतीस? बोटांना विचार.”

“बोटांना काही कळत नाहीये, आई.”

“मंग काढ कोणता बी. नाव माझं आहे, चूक तुझी असू दे.”

ऋतुजाने श्वास रोखला आणि कात्री मिटली. हजार मैलांवर एक टपोरा, अगदी ठेवायला हवा असा मणी टपकन खाली पडला.

“चुकलीस,” रंजना खुशीत म्हणाली. “आता पुढचा.”